चालीवरून ओळख

जानेवारीत सकाळी सकाळी कुठे जातेस, असं माझी मुलगी विचारते. मी म्हणते, धावणारी माणसं बघायला. सामने मार्चमध्ये सुरू होणार. तोवर ना हार, ना जीत, नुसता सराव. तरी आम्ही दहा-बाराजण आठवड्यातून चारदा मैदानाच्या कुंपणाशी खुर्च्या मांडून बसतो आणि यंदा काहीतरी होणार असं एकमेकांना सांगतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत.

केल्सोचे बगळे हा आमचा फुटबॉलचा संघ. बोधचिन्ह म्हणून बगळा कोणी निवडला देव जाणे, पण निवड चुकली नाही. गेली अकरा वर्षं आम्ही तळाच्या चिखलात एका पायावर उभे आहोत.

कुंपणाशी निलगिरीच्या झाडाखालची जागा लिंडसे क्वर्कची. वय एकोणऐंशी. मी तीस वर्षं ट्राम चालवली आणि त्याने तेवढीच वर्षं आगारात ट्रामची चाकं दुरुस्त केली, पण ओळख झाली ती इथे. प्रत्येक सरावाचा वृत्तान्त तो शाळकरी वहीत लिहितो, मला वाचून दाखवतो आणि मग फोनमध्ये बोलतो. बोललं की आपोआप अक्षरं उमटतात, ही सोय त्याच्या नातीने करून दिली आहे. बरोबर साडेअकराला तो मजकूर आमच्या चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर पडतो. शेवटी सही, "कुंपणावरून, लिंडसे". हजारो लोक वाचतात. कालगुर्लीच्या खाणीतला एकजण तर पाळी सुटल्यावर हेल्मेटसुद्धा न काढता वाचतो म्हणे. क्लबचे लोक काय, सगळं छानच सांगतात. कोण दमला, कोण सुटला, कोणाचा घोटा दुखतोय, हे खरं कळायचं ते लिंडसेकडून.

आणि हे सोपं नाही. सरावाच्या जर्सीवर नंबर नसतात. सगळ्यांच्या डोक्यावर मान झाकणाऱ्या टोप्या, नाकाला पांढरं मलम, शंभर मीटरवरून सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. लिंडसे त्यांना चालीवरून ओळखतो. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस," तो म्हणायचा, "चेहरा आरशात बघून बदलता येतो. स्वतःची चाल कोणी पाहिलीय?" कुंपणावरच्या सव्वीस वर्षांत त्याचं एकही नाव चुकलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्याने थर्मासमधला चहा कपाच्या शेजारी ओतला. "वारा आहे," म्हणाला. पानही हलत नव्हतं. मग मी त्याची वही बघितली. पूर्वी एका पानात अख्खा सराव मावायचा, आता पानाला पाच ओळी, अक्षर भोपळ्याएवढं.

मी काही बोलले नाही. बायको गेल्यापासून लिंडसे एकटा आहे. पर्थची मुलगी दर ख्रिसमसला म्हणते, बाबा, इकडे या. पर्थमध्ये तो कोणाचा तरी म्हातारा बाप असेल, बस. इथे तो लिंडसे आहे. वही सुटली की कुंपण सुटणार आणि कुंपण सुटलं की तो संपणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी बडबड वाढवली. "बघ तो डेम्पस्टर, कसा धापा टाकतोय," असं म्हणायचं. "हा फॅरेल मेला पुन्हा डाव्या पायाने मारतोय." तो लिहून घ्यायचा. माझी तशी जिभेला हाड नसल्याची ख्याती आहेच, कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

त्या दिवशी ख्रिसमसच्या सुट्टीनंतरचा पहिला सराव होता. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, नऊ वाजताच उत्तरेचा गरम वारा सुटला होता. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरची शर्यत असते, मैदानाला चार-साडेचार फेऱ्या, घड्याळ लावून. आमची सगळी उत्सुकता एका माणसावर, ब्रॉडी पेनरोज. आमचा एकमेव खरा खेळाडू. गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून आम्ही दिवस मोजत होतो. पेनरोजची चाल आंधळ्यालाही कळावी अशी. काखेत वर्तमानपत्र धरल्यासारखा डावा हात अंगाशी घट्ट, आणि वळणावर पोचला की वाकून डावा मोजा वर ओढणार.

शर्यत सुरू व्हायच्या सुमाराला मला स्वच्छतागृहाकडे जावं लागलं. क्लब आमच्यासाठी एकच उघडं ठेवतो, पुढे सहाजणी, त्यातल्या एकीने मधेच घुसायचा प्रयत्न केला आणि मी तिला तिची जागा दाखवली. यात वीस मिनिटं गेली. भांडण काही कुठे पळून जाणार नव्हतं, पण मला सोडवेना. आजही स्वतःचा राग येतो.

परत आले तर लिंडसे उभा होता. गालांवर पाणी.

"नोरीन, पेनरोज धावला!"

"कुठला पेनरोज?"

"आपल्याकडे डझनभर आहेत का गं? ब्रॉडी! सगळ्यांबरोबर धावला, पूर्ण शर्यत. तोच हात, वळणावर तोच मोजा. तिसरा आला, तिसरा!"

"लिहिलंस?"

"लिहिलं कसलं, थेट सांगूनच टाकलं फोनला. साडेअकरापर्यंत धीर कुठे धरवतोय!"

सव्वीस वर्षांत मला न वाचून दाखवता त्याने एक ओळ पाठवली नव्हती. मी मैदानाकडे बघितलं. खेळाडू पाणी पीत होते. एकजण वाकून डावा मोजा वर ओढत होता. त्याने टोपी काढली आणि खाली तांबडे केस निघाले. पेनरोजचे केस कोळशासारखे काळे. हा टोबी बर्केट होता, नोव्हेंबरात निवडलेला अठरा वर्षांचा नवा मुलगा.

सांगायला हवं होतं. पण बायको गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी त्याला इतकं खूश बघितलं नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि त्याच्या कपात चहा ओतला.

तेवढ्यात आमच्यातली वूला आली. तिच्या भावाचं बिस्किटांचं दुकान आहे आणि ती आम्हाला तिळाची कडक बिस्किटं आणून देते, त्याबदल्यात तिची मतं ऐकावी लागतात. "म्हाताऱ्या, पेटवलंस की गाव!" फोन नाचवत ती म्हणाली. "नऊशेजणांनी उत्तर दिलंय. एक बाई तर ऑफिसातच नाचली म्हणे. आणि हे बघ, ब्रॉडीची आई, मिल्डुराहून. लिहिते, लिंडसे, देव तुमचं भलं करो."

लिंडसेने डोळे पुसले. मी बिस्कीट चावत राहिले.

पाचेक मिनिटांनी पलीकडच्या इमारतीतून कोणीतरी बाहेर पडलं आणि सीमारेषेने आमच्याकडे यायला लागलं. सावकाश, उजवा पाय जपत. लिंडसेने त्या दिशेला तोंड वळवलं. बराच वेळ तो डोळे बारीक करून बघत होता.

"हा कोण गं? आपला नाही हा. लंगडतोय."

वूला माझ्याकडे बघायला लागली. बोलायची पाळी माझी होती.

"पेनरोज आहे, लिंडसे," मी म्हणाले.

त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

पेनरोज कुंपणापाशी आला. रागावलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "लिंडसे, आईने तुमचं वाचलं," तो म्हणाला. "आत्ता तिचा फोन होता. आनंदाने रडत होती. मला म्हणाली, सरप्राइज ठेवलंस होय रे, लबाडा!"

लिंडसेने वही मिटली.

"काल स्कॅनचा निकाल आला. पुन्हा फाटलंय. हेही वर्ष गेलं. तिला असं फोनवर सांगणार नव्हतो. शनिवारी घरी जाऊन, समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. आता सांगावंच लागलं." पेनरोजने कुंपणाच्या फळीवर हात ठेवले. "क्लब शुक्रवारी जाहीर करणार आहे. तोवर हे लिहू नका, एवढंच सांगायला आलो."

"अरे, उन्हाची तिरीप होती रे डोळ्यावर," मी म्हणाले. "कोणीही फसलं असतं."

"मीसुद्धा फसले!" वूला म्हणाली. ती तेव्हा गाडी लावत होती.

पेनरोजने आमच्याकडे बघितलं, मग मैदानाकडे. "टोबी! इकडे ये जरा."

बर्केट धावत आला. डावा हात अंगाशी घट्ट. जवळून बघतानाही माझ्या अंगावर काटा आला.

"यांना सांग, असा का धावतोस तू."

पोराचे कान केसांइतकेच लाल झाले. "लहानपणी बाबा मला इथेच आणायचे. त्या टेकाडावर बसायचो आम्ही. मला ब्रॉडीसारखं व्हायचं होतं, म्हणून परसात तसाच धावायचो. आता सुटत नाही. कोच ओरडतात, हात मोकळा सोड म्हणून."

"सोडू नकोस," पेनरोज म्हणाला आणि पहिल्यांदा थोडा हसला. "बघा लिंडसे, तुमची चूक नाही. याने माझी चालच चोरलीय. माझी आईही फसली असती. तसंच लिहा."

सुटकेचा दरवाजा सताड उघडा होता. आम्ही तिघंचौघं तो धरून उभे होतो. लिंडसेने फक्त पाऊल टाकायचं होतं. टाक रे बाबा, मी मनात म्हणत होते, कशाला मिजास करतोस.

लिंडसेने कप गवतावर ठेवला. "या पोराचे केस कुठल्या रंगाचे आहेत, नोरीन?"

मी थर्मासचं झाकण फिरवत बसले.

"सांग ना. अख्ख्या सकाळीत एकदा तरी टोपी काढली असेल की त्याने."

"तांबडे."

"तांबडे," तो म्हणाला. "आणि ते मला आत्ता, हाताच्या अंतरावरूनही दिसत नाहीयेत. नुसत्या हलत्या सावल्या दिसतात." मग पेनरोजकडे वळून, "नाही रे बाळा. चाल याने चोरली असेल. पण तुझ्या आईला रडवलं ते मी. दिसत नसताना दिसलं म्हणालो. आईला माझा निरोप दे, म्हणावं म्हाताऱ्याला माफ कर."

पेनरोजने मान हलवली आणि मग, ती हालचाल लिंडसेला दिसणार नाही हे लक्षात येऊन, "देतो," असं मोठ्याने म्हणाला. बर्केटला त्याने परत पिटाळलं. स्वतः मात्र गेला नाही. फाटकाकडे वळसा घालून तो आमच्या बाजूला आला. वूलाने आपली खुर्ची पुढे केली आणि हातात बिस्कीट कोंबलं. पाय लांब करून तो बसला आणि मैदानाकडे बघत राहिला.

"आता वही बंद," मी लिंडसेला म्हणाले. "पर्थला जाणार असशील."

"कशाला? पर्थमध्ये कोण खेळतं आपलं?" त्याने वही उघडली, जाड पेन्सिल काढली. "नोव्हेंबरपासून कानाशी नावं ओरडतेयस. दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं वाटलं की काय तुला?"

"तुला ठाऊक होतं?"

"तू तीस वर्षं ट्राम चालवलीस. डेम्पस्टरच्या धापांची तुला एवढी काळजी कधीपासून?"

मी त्याला एक सणसणीत शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. डोळे मात्र पुसावे लागले.

"चल, बडबड," तो म्हणाला. "पण आता मोठ्याने. आणि खरं."

मी सांगत गेले. कोण चेंडू पकडतोय, कोण सोडतोय, कोण सावलीत लपतोय. मी चुकले की पेनरोज सुधारायचा. "तो फॅरेल नाही, फॅरेल खांदे पाडून धावतो." बर्केट आमच्या समोरून गेला तेव्हा लिंडसेने विचारलं, "कसा धावतोय पोरगा?" मी तोंड उघडणार तोच पेनरोज म्हणाला, "छान. वळणावर माझ्यापेक्षा छान."

बरोबर साडेअकराला लिंडसेने वही मला दिली. तीन पानं भोपळ्यासारख्या अक्षरांची. फोनमध्ये तो बोलला आणि मी ओळी ताडून बघितल्या.

"सकाळी लिहिलं ते चूक होतं. शर्यतीत तिसरा आला तो टोबी बर्केट. मला आता दिसत नाही आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. यापुढे डोळे नोरीनचे, हात माझा. फॅरेल दमलेला आहे. डेम्पस्टरने वजन उतरवलंय. बर्केटवर लक्ष ठेवा."

मग तो थांबला. पेनरोजच्या बाजूला तोंड करून म्हणाला, "तुझ्याबद्दल एक ओळ लिहू? शुक्रवारचं काही सांगत नाही. फक्त जे होतं ते."

पेनरोजने ती ओळ आधी ऐकली. बिस्किटाचे कण मांडीवरून झटकले आणि म्हणाला, "लिहा."

"पेनरोज आज कुंपणाच्या आपल्या बाजूला बसला होता. कुंपणावरून, लिंडसे."