सिंहासन एक, गावं दोन

"काका, सिंहासन खंय?"

इब्रामपूरच्या रुद्रेशचा फोन आला तेव्हा कृष्णनाथच्या हातात पेजेचा वाडगा होता.

"खंय जातला? गोदामात आसा. आज तुमचा नाटक, टेंपो घेऊन ये."

"टेंपो घेऊनच उभो आसय मी. गोदामवालो म्हणता, सिंहासन सकाळीच हळर्णाक गेलां."

कृष्णनाथने वाडगा खाली ठेवला. पेडण्याच्या बाजारातल्या या ड्रेपरीच्या दुकानात त्याची उमर गेली होती. जत्रेला नाटक झालं नाही तर देव उठून शेजारच्या गावचं नाटक बघायला जाईल, अशी या बाजूला धास्ती असते; त्यामुळे मुकुट, शालू, पडदे आणि तलवारी भाड्याने देणाऱ्या दुकानाला मंदी ठाऊक नसते. पण एकाच रात्री एकच सिंहासन दोन गावांना दिलं गेलंय, असं मात्र कधी झालं नव्हतं.

हे माणसाने केलं नव्हतं. संगणकाने केलं होतं. खरं म्हणजे दोन संगणकी कारभारांनी मिळून केलं होतं, आणि त्यांतला एक कृष्णनाथचा होता.

वीसेक वर्षांपूर्वी म्हापशाला संध्याकाळचा कोर्स करून त्याने दुकानाचं वेब अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. गावाने तारीख टाकायची, हवं ते निवडायचं, बुकिंग झालं. राजाच्या पोटाचा घेर विचारणारं ते बहुधा जगातलं एकमेव अ‍ॅप्लिकेशन असावं. त्याची पानं अबोलीच्या रंगाची होती. रंग कुठला देऊ असं कृष्णनाथने बायकोला विचारलं, तेव्हा सुमंगला अबोलीचे वळेसर गुंफत होती. डोकं न उचलता तिने हातातलं फूल दाखवलं होतं. बुकिंग झालं की शेवटी एक पान यायचं: 'देव बरें करूं. मुकुट घालून चहा पिऊ नये.' पहिलं वाक्य आभाराचं, या मुलखात म्हणतात तसं. दुसरं, एका रावणाने एका तोंडाने चहा पिऊन तो उरलेल्या नऊ तोंडांवर सांडला, तेव्हापासूनचं.

पण मोबाईल आले, आणि मोबाईलवर कृष्णनाथची अक्षरं मुंग्यांएवढी दिसू लागली. दुकानाचा तरुण मालक प्रशांत याने डिचोलीच्या गौरवीला काम दिलं. नोकरी सोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. ती नवं फ्रेमवर्क घेऊन येणार म्हणजे आपलं पाडणार, हे कृष्णनाथने गृहीत धरलं होतं. एका बाजूने त्याने मनाची तयारी केली, दुसऱ्या बाजूने तिच्यासाठी चहा सांगितला.

"काका, चालतं दुकान पाडायचं नाही," ती म्हणाली. "जुन्याच्या शेजारी नवं उभं करूया आणि एकेक पान तिकडे नेऊया. दारात नवा बसेल. त्याला ठाऊक असलं तर तो उत्तर देईल. ठाऊक नसलं तर जुन्याला विचारील."

आणि तसंच झालं. येणाऱ्याला पत्ता लागत नसे की आपण कुठल्या घरात बसलोय. त्याआधी तिने कृष्णनाथचा सगळा कोड मुळापासून वाचून काढला होता.

"काका, 'हे का चालतं ठाऊक नाही, काढू नये' असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय."

"मगे?"

"मी काढलं नाही."

जुनं आधी वाचून मग बोलणारं माणूस कृष्णनाथने तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने भजीही सांगितली.

आता मात्र हळर्णने मोबाईलच्या पानावरून नव्यात बुकिंग केलं होतं, इब्रामपूरने सवयीने संगणकाच्या पानावरून, जे अजून जुन्यातच होतं, आणि नव्या-जुन्या दोघांनीही मान डोलावली होती. गौरवी डिचोलीहून स्कूटरवरून तातडीने आली. तिच्या पाठोपाठ प्रशांत आला, तो भडकूनच.

"चूक कोणाची ती सांजेपर्यंत सांगा. जुन्याची, तर जुनां आजच बंद. नव्याची, तर हिचां काम बंद."

एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडे गेला. आपलं लिहिलेलं एक दिवस जाणार, याला कृष्णनाथची हरकत नव्हती. पण ऐन जत्रांच्या दिवसांत, एका गावाचा राजा उभा ठेवला म्हणून, चालत्या अंकातून नटाला ओढून काढावं तसं ते जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. आणि या पोरीचं पहिलंच काम तिच्या हातून जाऊ नये, ही दुसरी.

"आदी सिंहासन," तो म्हणाला, आणि त्याने हळर्णचं नाटक बसवणाऱ्या विशालला फोन लावला. "विशाल, तुमचो राजा पहिल्या अंकात वनवासाक जाता मा?"

"होय काका."

"मगे मागीर सिंहासन कित्याक होया?"

"नको तसां. विंगेत पडान रवता."

"इब्रामपूरचो राजा शेवटच्या अंकात गादीर बसता. तेंचो टेंपो तुमच्या मांडवामागे उभो रवतलो."

विशालने विचार केला. "चलात. पण आमचो राजा उठल्याबरोबर ओढू नकात. टाळ्यो पडाक देवात."

रुद्रेशला कळवलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमका गरम सिंहासन गावतला!"

मग दोघं खुर्च्या ओढून संगणकासमोर बसली. भिंतीवरचे मुकुट बघत राहिले. बऱ्याच वेळाने गौरवीने मान खाली घातली.

"काका, माझी चूक. पानं लवकर उघडावीत म्हणून नवा शिल्लक सामान स्वतःजवळच लिहून ठेवतो. जुन्यात बुकिंग झालं ते त्याला कळलंच नाही."

"तुझी खंयची? माझां बुकिंग पक्कां करताना परत तपासणाच नाय. पान उघडताना एकदा बघता, मगे झोपता. चूक माझी."

"माझी, काका."

"माझी म्हणतंय मा!"

आवाज ऐकून प्रशांत आत आला. एका खोलीत दोन प्रोग्रामर चूक आपलीच म्हणून भांडतायत, हे दृश्य त्याने काय, कुणीच पाहिलं नसेल. तो दारातच थांबला.

"दोघांचीय चूक? मगे मी काढू कोणाक?"

"कोणाकच नको," कृष्णनाथ म्हणाला. "हिच्या नव्यान शिल्लक जवळ ठेवची नाय. माझ्या जुन्यान झोपाचां नाय. दोघांनी एकाच गोदामाक विचाराचां. सांजेपर्यंत करतंव."

दिवेलागणीपर्यंत त्यांनी ते केलं. दुसऱ्या दिवशी रुद्रेशचा फोन आला. सिंहासन वेळेत पोचलं होतं. त्याबरोबर हळर्णच्या राजाची शालही चुकून आली होती, आणि इब्रामपूरच्या राजाने ती पांघरून राज्याभिषेक करून घेतला होता. त्या दिवशी भजी प्रशांतने सांगितली.

जत्रा संपल्या. पुढच्या वर्षीच्याही संपल्या. एकेक पान नव्या घरात गेलं, राजाच्या पोटाच्या घेरासकट. मग एका सकाळी गौरवी लॅपटॉप घेऊन कृष्णनाथच्या घरी आली आणि दारापुढच्या दगडी सोप्यावर बसली.

"काका, सगळं हललं. आता जुनं बंद करू?"

कृष्णनाथने सुमंगलाकडे बघितलं. ती चहाचे कप आणि बिस्किटांची बशी ठेवत होती.

"कर."

तिने काहीतरी टाईप केलं. काहीच झालं नाही. असं बंद होणं कृष्णनाथला जरा अपमानाचंच वाटलं. निदान एखादा पडदा तरी पडायला हवा होता.

"आता एक बुकिंग करून बघा," तिने आपला फोन पुढे केला.

त्याने चष्मा लावला आणि स्वतःच्या नावावर एक मुकुट घेतला. पानं पांढरीशुभ्र, अक्षरं ठसठशीत, सगळं झरझर. शेवटचं बटण दाबलं, आणि फोनभर अबोली पसरली. 'देव बरें करूं. मुकुट घालून चहा पिऊ नये.'

"ह्यां तू नकल करून घेतलंस?"

"नाही काका. हे पान मी नव्याला शिकवलंच नाही. ठाऊक नसलं की तो जुन्याला विचारतो. बाकी सगळं बंद केलं, तेवढं एक ठेवलंय."

"कित्याक?"

"माझं पहिलं काम होतं, काका. त्या दिवशी तुम्ही जर..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि बिस्किट उचललं.

कृष्णनाथने बशी तिच्याकडे सरकवली. "प्रशांताक विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, त्या रावणाचो मुकुट अजून चिकट आसा, रवांदे."

सुमंगलाने फोन हातात घेऊन ते पान नीट बघितलं. तिच्या अबोलीचा रंग तिने ओळखला की नाही, ते कळलं नाही.

"बरां आसा," ती म्हणाली. "एवढी वर्सां राबलो. आता दारात बसून येतल्या-जातल्याक देव बरें करूं म्हणतलो."

"कोण? मी काय तां पान?"

"दोगाय."

गौरवी मोठ्याने हसली. कृष्णनाथने चहाचा कप उचलला. मग थबकून दुसऱ्या हाताने डोकं चाचपलं, वर मुकुट नाही याची खात्री करून घेतली, आणि चहा प्यायला.