सासूचा अंबाडा

बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या वळणावर, दौलतरावांनी कॅम्प काढला तेव्हा वाडीला वाटलं, ह्या माणसाचं डोकं फिरलं. भर पावसाळ्यात रबराच्या बोटीत बसून खडकांवर आपटायला कोण येणार? पण लोक आले. उल्हासनगरच्या कापडबाजारातली कुटुंबंच्या कुटुंबं आली, अंबरनाथच्या कारखान्यांतली मंडळी सुट्टीच्या दिवशी आली, आणि भिजून, किंचाळून, वर दोन-दोन भाकऱ्या जास्त खाऊन गेली.

त्या भाकऱ्या जिवली थापायची. आणि बायकांच्या बोटीत मागे बसून, डोक्यावर नारिंगी हेल्मेट घालून, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" असं ओरडायची ती सोनी. दोघी एकाच वाडीच्या, एकाच वयाच्या, एकाच डोहात पोहायला शिकलेल्या. त्यातही जिवली वरचढ. सोनी डोहाच्या मध्यावर पोचायची तोवर जिवली पलीकडे जाऊन करवंदं खात बसलेली असायची. म्हणून तर जिवलीच्या पोटात दुखायचं, आणि ते ओवा खाऊन बरं होणारं दुखणं नव्हतं.

खरं सांगायचं तर सोनीचा यात काही दोष नव्हता. जिवलीलाही ते माहीत होतं, आणि म्हणूनच ती जास्त जळायची. झालं होतं असं की आदल्या वर्षी, शहाण्णव साली, बायकांच्या बोटीवर बाईच हवी म्हणून दौलतरावांनी वाडीतल्या बायांना गोळा केलं आणि विचारलं, "पोहायला कोणाकोणाला येतं?" बाया एकमेकींकडे बघून हसल्या. नदीकाठच्या बाईला हे विचारणं म्हणजे तुला जेवता येतं का, असं विचारण्यातला प्रकार. जिवलीला वाटलं, साहेब गंमत करतायत. तीही पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसली. हात वर केला माहेरी आलेल्या एकट्या सोनीने. लग्न होऊन चार वर्षं ती बदलापूर शहरात, मांजर्लीला राहत होती. शहरातली माणसं उघड दिसणारी गोष्टही विचारतात आणि तिचं नीट उत्तर द्यायचं असतं, हे तिला कळलं होतं. बस्स, एका हाताचा फरक. सोनीला हृषीकेशहून आलेल्या मास्तरांनी महिनाभर शिकवलं आणि जिवलीच्या वाट्याला चूल आली.

आता सासूबद्दल सांगितलं पाहिजे. कॅम्पवरून बोट सुटली की नदी मोठा वळसा घेते आणि वाडीजवळ एका काळ्या खडकापाशी दोन वाटांनी फुटते. ह्या खडकाला वाडीतल्या बाया सासू म्हणतात. पुरुषांना हे ठाऊकसुद्धा नाही, ते वरच्या पुलावरून जातात. पण पलीकडे गवताला, लावणीला जाणाऱ्या बाया सासूला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाहीत. पाणी तिच्या कमरेशी असलं तर खुशाल चालत जावं. खांद्याशी असलं तर उजव्या अंगाने पोहून जाता येतं. पण डोक्यावरचा अंबाडा, म्हणजे खडकाच्या टोकाचा गोळा, बुडाला की उजवीकडे फिरकायचं नाही, तिथे खाली भोवरा पडतो. मग डावी वाट धरायची, उंबराखालची.

सोनी मांजर्लीहून सायकलवर सडकेने यायची, तिला सासू दिसायची नाही. जिवली वाडीतून सासूजवळून निघणाऱ्या पायवाटेने यायची. म्हणून रोज चहाच्या वेळी सोनी चुलीपाशी येऊन विचारायची, "जिवले, सासू कशी हाय गो?" जिवली पीठ मळता मळता सांगायची, "खांद्यापातुर," नाहीतर, "अंबाडा बुडला." त्यावरून बोटीची वाट ठरायची, कारण वळणातून बाहेर पडून बोटीतून सासू दिसेपर्यंत वाट बदलायला उशीर झालेला असायचा. मास्तर बजावून गेले होते की पाणी आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोट सोडायची नाही. सोनी हसून म्हणायची, "माझं डोळं चुलीपाशी बसल्यात."

आणि संध्याकाळी सगळे म्हणायचे, "सोनीदीदीला नदी कशी पाठ आहे!" दौलतरावांच्या ऑफिसात सोनीचा हेल्मेट घातलेला फोटो लागला. तो पुसायचं काम जिवलीकडे होतं. ती काच जरा जास्तच जोर लावून घासायची.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी जिवलीची चार वर्षांची पोर, चिमी, ओटीवर घमेल्यात बसून उलथणं वल्ह्यासारखं मारत होती. "फॉरवर्ड! मी सोनीमावशी हाय!"

"आनि मी कोन?" जिवलीने कौतुकाने विचारलं.

"तू भाकऱ्या कर."

लेकराचंच बोलणं ते. पण जिवलीच्या वर्मी लागलं. रात्रभर कोसळलेला पाऊस आता पार थांबला होता. पायवाटेने जाताना तिने सवयीने सासूकडे बघितलं. अंबाडा दिसत नव्हता, त्याच्या जागी नुसता फेस होता.

चहाच्या वेळी सोनी आली. जॅकेट चढवलेलं, गळ्यात शिट्टी. "जिवले, सासू?"

जिवलीने तव्यावरची भाकरी उलटली. "खांद्यापातुर."

"बरं." सोनीने कप ठेवला आणि गेली. एकदा म्हणून तिने उलटून विचारलं नाही.

कोणी मरावं असं जिवलीच्या मनात नव्हतं. सगळ्यांच्या अंगात जॅकेटं असतात, बोट उलटेल, बाया चार घोट पाणी पितील, आणि नदी पाठ असलेली सोनीदीदी सगळ्यांच्या देखत तोंडघशी पडेल. एवढंच. तिने स्वतःला हे तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा भाकरी वाकडी झाली.

बाया हेल्मेटं घालत होत्या तेवढ्यात एक जाडजूड बाई धापा टाकत चुलीपाशी आली. उल्हासनगरच्या लाजवंती आंटी. गेल्या वर्षापासून बऱ्याचदा यायच्या. बांगड्या सांभाळायला द्यायच्या होत्या.

"तूच जिवली ना? ये रख ले," त्या म्हणाल्या. "मेरे को बहोत डर लगता है, पण सोनी बोलती है ना, आंटी, डरना नहीं, जिवलीने पानी देखा है."

"सोनी बोलती?" जिवलीने विचारलं.

"हर बार! बोटीत बसायच्या आधी सगळ्यांना सांगते. हमारी असली गाईड तो चूल पे बैठी है, बोलती है. दौलतरावला पण बोलली, जिवलीला बोटीवर घ्या, ती माझ्यापेक्षा चांगली पोहते. तेरे को पता नहीं?"

जिवलीला पत्ता नव्हता. बोटी सुटतात त्या घाटावर ती चूल सोडून कधी गेलीच नव्हती. आंटींना तिथेच अडवायला हवं होतं. पण काय सांगणार? मी खोटं बोलले म्हणून? आंटी गेल्या. बांगड्या हातात धरून जिवली उभीच राहिली. मग बोट सुटल्याची शिट्टी ऐकू आली.

बांगड्या पिठाच्या डब्यात आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून ती पळाली. नदी वळसा घालून जाते, पायवाट सरळ वाडीला उतरते. निसरड्या वाटेवर ती दोनदा पडली, गुडघा फुटला, पण बोटीच्या आधी पोचली. उंबराखाली कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिने नदीपल्याडच्या बाईला घालतात तशी लांब हाळी घातली. "सोनेऽऽ! डावीकडं! अंबाडा बुडलाऽऽ!"

बोट तोवर उजवीकडे कलली होती. सोनीने मान वळवली, जिवलीला पाहिलं आणि सगळं अंग वल्ह्यावर टाकलं. बोट वळली, पण शेपूट सासूला घासलं आणि कडेला बसलेल्या लाजवंती आंटी पाण्यात गेल्या. प्रवाहाने त्यांना डावीकडे लोटलं. जिवलीने सूर मारला, जॅकेटची पट्टी पकडली आणि उंबराच्या मुळ्यांना धरून त्यांना काठावर ओढलं. आंटी खोकल्या, रडल्या आणि मग जिवलीच्या गळ्यातच पडल्या.

दौलतराव बोट घ्यायला जीप घेऊन वाडीपाशी थांबले होते. त्यांनी सगळं बघितलं. धावत आले, आधी आंटींना बघितलं, मग जिवलीकडे वळून म्हणाले, "तुला पोहता येतं?"

"येतं," जिवली म्हणाली. ह्या वेळी ती हसली नाही.

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस? सोनी म्हणायची, ते मला खरंच वाटलं नाही. उद्यापासून दुसऱ्या बोटीवर तू." मग ते सोनीकडे वळले. त्यांचा आवाज चढला. "आणि सोनी, सकाळी पाणी बघितलं नव्हतं?"

जिवलीने डोळे मिटून घेतले.

"बघितलं होतं, साहेब," सोनी म्हणाली. "मागनं वाढलं."

सकाळपासून पावसाचा थेंब पडला नव्हता. सोनी नदीकाठचीच होती, पाणी कसं वाढतं ते तिला काय शिकवायचं? ती जिवलीकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर जिवलीला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी जिवली उजाडताच कॅम्पवर आली. येताना सासूपाशी थांबून तिने तीन-तीनदा खात्री केली होती. पाणी उतरलं होतं, खांद्यापर्यंत. तिच्या जागी चुलीपाशी आता वाडीतलीच चंद्री बसली होती. जिवलीने नवीन नारिंगी हेल्मेट काखेत धरलं, चहा दोन कपांत ओतला आणि वाट बघत उभी राहिली. सोनीने विचारलं की आधी खरं उत्तर द्यायचं, मग कालचं सगळं कबूल करायचं, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

सोनीची सायकल आली. फाटकाशी थांबली नाही, चुलीशीही नाही. सरळ पायवाटेने वाडीकडे उतरली.

अर्ध्या तासाने ती परत आली. पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले, चपला हातात. जिवलीने पुढे केलेला चहा निवला होता. सोनीने तो घेतला, उभ्या उभ्या प्यायली आणि कप खाली ठेवला.

"जॅकेटची पट्टी आवळून बांध," ती जिवलीला म्हणाली. "आज पानी खांद्यापातुर हाय. मी बघून आलेय."