करडईचं दूध

नरसीच्या जत्रेला निघालेल्या चाँदबी बांगडीवालीच्या ओच्यात कुत्रीचं पिलू होतं. त्याची आई तरसानं नेली होती. पिलाचे डोळे नुकतेच उघडले होते आणि मऊ, उबदार पोट श्वासासरशी हलत होतं.

"गोजर, चार दिवस सांभाळशील?" गोजरबाईच्या दारात थांबून तिनं विचारलं.

"काहून न्हाई? म्हैस व्यालीय कालच. दुधाला काय तोटा?"

हे बोलताना गोजरबाईचं मन खरंच ओलं होतं. सांजेला ती म्हशीखाली बसली आणि सासूची शिकवण आठवली. व्यालेल्या म्हशीचं दूध बाराव्या दिवशी देवाला दाखवल्याबिगर घराबाहेरच्या तोंडाला लावायचं न्हाई. पिलू तर दुसऱ्याच्या घरचं.

मग तिनं करडई भिजवली, वाटली, फडक्यातून पिळली. खिरीला काढतात तसंच पांढरंशुभ्र दूध निघालं. गूळ घालून तिनं वाटी पुढं केली. पिलानं चाटून पुसून घेतली. दूध ते दूध, तिनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याच्या घरून खरवसासाठी निरोप आला. गोजरबाईनं चिकाचा तांब्या भरून दिला. तेव्हा ना सासू आठवली, ना देव.

तिसऱ्या दिवशी पिलाला ढाळ लागले. चौथ्या दिवशी मागचे पाय उचलेनात. तरी ती करडईच वाटत राहिली.

चाँदबी परतली. पिलू उचलून तिनं कानाशी धरलं.

"तुझ्या म्हशीचं नवं दूध जड गेलं असंल. तुला उगीच तकलीफ दिली, बाई."

हे ऐकून गोजरबाईला राहवेना.

"म्हशीचं न्हवतं. करडईचं पाजलं."

"करडईचं?"

"देवाला दाखवायचं व्हतं अजून."

"पटवारीणबाई तर आता वाटंत भेटली. गोजरचा खरवस लई गोड म्हनत व्हती." चाँदबीचा आवाज चढला नाही. "करडईचं दूध मानसाच्या हौसंचं, गोजर. पित्या जिवाच्या अंगी ते लागत न्हाई, उलट पोट झडतं." आणि पिलू घेऊन ती गेली.

सकाळी गोजरबाईनं म्हैस पिळली. देवाला न दाखवताच वाटी भरून चाँदबीच्या दारी गेली. आत शेजारच्यांची शेळी बांधलेली होती. पिलू चाँदबीच्या मांडीवर चिंधी चोखत होतं, जिवंत होतं.

"राहू दे आता. शेळीचं पचून राहिलं त्याला," चाँदबी म्हणाली. "बस, चहा करते."

गोजरबाई बसली नाही. वाटी पदराखाली झाकून ती वळली. पाणवठ्यावरून बाया येत होत्या. पदरावर सांडलेलं दूध बघून कुणीतरी विचारलं, "कुनाला नेती दूध?"

तिनं पदर वाटीवर आणखी ओढून घेतला आणि घराची वाट धरली.