वीसपैकी एकोणीस

"विळा कुणासाठी?" लोहारानं विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? गहू कापायला."

"ते कळतंय मला. हातात कुणाच्या जाणार?"

विहीरवालीचं डोकंच फिरलं. गावची विहीर तिच्या बांधाला, म्हणून सगळं गाव तिला विहीरवालीच म्हणायचं. सकाळी सकाळी दोन विळे घेऊन ती भात्यापुढं येऊन उभी होती, एक स्वतःचा आणि एक नवऱ्याचा. लोहारानं तिच्या विळ्याला धार लावून दिली आणि दुसरा पायानं बाजूला सारला. पायानं! विळ्याला पाय लागला तर लेकराला फटका देणारा माणूस हा.

"त्याच्यासाठी असेल तर नाय लावणार. उद्या कुणाच्या मानेवर फिरला तर लोक मला धरतील."

"मागच्या साली हाच विळा तुझ्या रानात चार दिवस फिरला. मान शाबूत आहे ना तुझी?"

"तेव्हा तो शहाणा होता, वहिनी."

तिनं विळा उचलला, पदरानं पुसला आणि चालू लागली. जास्त बोलली असती तर लोहाराचाच हातोडा उचलला असता, एवढी ती पेटली होती.

झालं होतं एवढंच. हिवाळ्याच्या तोंडाला तिच्या नवऱ्यानं भिंतीकडं तोंड करून अंथरूण धरलं. जेवण सुटलं, झोप गेली. विहिरीतून कुणीतरी हाक मारतंय म्हणायला लागला. विहीरवालीनं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी त्याला गाडीत घालून थेट शहरातल्या दवाखान्यात नेलं. दोन महिने लागले. आता तो दोन वेळा गोळी घेत होता, धार काढत होता, बांध घालत होता, बायकोची थट्टा करत होता. कुणाला केसाएवढाही त्रास नव्हता त्याचा. पण गाव काय विसरतंय! पोरीबाळी त्याला बघून रस्ता बदलत होत्या.

आणि कापणी सावडीची. सावड म्हणजे दहा घरांनी मिळून एकेकाचं रान कापायचं, आज तुझं, उद्या माझं. विहीरवाली नऊ रानांत राबली. पाठीचा पार काटा ढिला झाला. दहावी पाळी तिची, आणि त्या दिवशी कुत्रंही बांधावर फिरकलं नाही. ती दारोदार गेली तेव्हा कळलं की पुढाऱ्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय, हिचा नवरा रानात नसेल तरच यायचं.

"मी बसतो ना घरात," नवरा म्हणाला होता. खाली बघून म्हणाला होता, तेच तिला जास्त लागलं. "गहू तरी घरात येईल."

"बसशील तर माझ्याशी गाठ आहे! एकदा बसलास की हे तुला जन्मभर बसवतील. तुझं रान आणि तूच कोंडवाड्यात?"

गहू खडखडीत वाळला होता. डोंगराच्या अंगाला दोन दिवस आभाळ काळं धरत होतं. गारा पडल्या असत्या तर दाणा मातीत गेला असता.

त्याच दुपारी शाळेत प्रश्नवाली बाई आली. मनाच्या आजाराबद्दल कुठल्या गावाला किती समज आहे, ते मोजत ती गावोगाव फिरायची. मागच्या वर्षी या गावाला वीसपैकी सात मिळाले होते. पुढाऱ्याचं नाक कापलं गेलं. यंदा त्यानं चार दिवस शाळेत सगळ्यांना बसवून उत्तरं घोटून घेतली होती. पोरांचे पाढे कधी घेतले नव्हते, पण हे घेतले.

बाईनं कागदावरून वाचायला सुरुवात केली. "समजा, एक माणूस आहे. त्याची झोप उडाली आहे, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. त्याला काय झालं असेल?"

"मनाचा आजार!" सगळी शाळा एका सुरात ओरडली.

"त्याला कुठं न्यावं?"

"डॉक्टरकडं!"

"तो बरा झाल्यावर तुम्ही त्याच्या शेजारी काम कराल?"

सगळ्यात आधी लोहार उठला. "का नाही करणार? इतर आजारांसारखाच हा आजार. माणसाला माणसात घेतलं पाहिजे." वर छातीवर हात ठेवला. पुढाऱ्यानं मान डोलावली.

कोपऱ्यात लंगडी आत्या बसली होती. एकटी राहणारी, सत्तरीची, तोंडानं फाटकी. बाईनं तिला पहिलाच प्रश्न केला, त्या माणसाला काय झालं असेल?

"येडा झालाय तो, दुसरं काय?" आत्या म्हणाली. "टाळक्यात वारं शिरलं असेल. डॉक्टरला काय कळतंय? माझ्या गुडघ्याचं तरी कुठं कळलं त्याला?"

पुढाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. आत्याला वीसपैकी तीन मिळाले. बाकी बहुतेकांना वीस, कुणाला एकोणीस. मध्ये आत्या नसती तर पैकीच्या पैकी पडले असते, असं पुढारी चारचौघांत म्हणाला.

विहीरवाली दाराशी उभी होती. एवढा वेळ तिनं ओठ दाबून धरले होते. आता तिला राहवलं नाही.

"बाई, समजा कशाला? तो माणूस माझ्या घरात आहे, चला दाखवते! या लोहारानं आज सकाळी त्याच्या विळ्याला धार लावून दिली नाय. या पुढाऱ्यानं त्याला सावडीतून काढलं. माझा गहू उभा आहे आणि डोक्यावर गारा आहेत. आणि इथं छातीला हात लावून शहाणपण सांगतायत! लाज कशी वाटत नाय रे तुम्हाला?"

लोहार खडूच्या डब्याकडं बघायला लागला.

"ताई," बाई हळूच म्हणाली, "तुमचं खरं असेल. पण मला जेवढं विचारायला दिलंय, तेवढंच मी लिहू शकते. याला कागदावर रकाना नाही."

"मग कसली समज मोजता? पाठांतर मोजता!"

बाईचा चेहरा पडला. पण तिनं गावाचा आकडा लिहिला, वीसपैकी एकोणीस. गाव पहिलं आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता विहीरवालीनं नवऱ्याला रानात नेलं. त्यानं बांधावरच्या दगडावर स्वतः विळा घासला. दोघांनी दोन पाती, कापणीच्या शेजारशेजारच्या ओळी, धरल्या. दोघांच्यानं एवढं रान आठ दिवसांत उरकलं नसतं आणि आभाळ आठ दिवस थांबणार नव्हतं. तासाभरानं बांधावरून खोकल्याचा आवाज आला. लंगडी आत्या कमरेला विळा खोचून येत होती.

"काय रे येड्या, मला सोडून सुरू केलंस?"

"आत्या, तुला भीती नाय वाटत?" त्यानं विचारलं.

"कशाची? तू आधी येडा झालास, आता बरा झालास. मी लंगडी झाले ती अजून लंगडीच आहे. सरक तिकडं, मधली पात माझी."

तो हसला. विहीरवालीनं पाठ वळवली आणि डोळे पुसले.

दुपारी बांधावर वरात उभी राहिली. पुढारी, लोहार, सावडीतले सगळे, आणि त्यांच्यामागं प्रश्नवाली बाई. सगळे धुतलेल्या कपड्यात. पहिल्या आलेल्या गावाचा फोटो छापून येणार होता आणि त्यात आजारातून उठलेला एक माणूस हवा होता.

"चल रे भाऊ," पुढारी गोड आवाजात म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. मधोमध तुला उभं करतो."

नवरा उभा राहिला. विहीरवाली आडवी आली.

"फोटो पाहिजे? मिळेल की. आधी हे रान कापायचं, शेवटची पेंढी बांधायची, मग फोटो."

"अगं, कपडे..."

"धुऊन निघतील. नाय तर त्याच्याशिवाय काढा फोटो. खाली लिहा, येडा घरात कोंडलाय."

पुढाऱ्यानं बाईकडं बघितलं. बाईनं डोंगराकडं बघितलं. मग ती बांधावर बसली आणि म्हणाली, "मला घाई नाही. संध्याकाळपर्यंत थांबते."

विळे आले. शिव्या घालत आले, पण आले. पहिले तासभर नवऱ्याच्या शेजारच्या पाती मोकळ्याच राहिल्या, नुसती आत्या होती. पण रान मोठं होतं आणि वारा सुटला होता. कापता कापता लोहार त्याच्या बरोबरीला येऊन ठेपला. दोन्ही विळे शेजारी शेजारी चालायला लागले. लोहाराच्या मानेवरून घाम गळत होता. मान जागच्या जागी होती.

दिवस बुडायच्या आत शेवटची पेंढी बांधली. सगळे फोटोला उभे राहिले. नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी सोडून.

"जवळ सरका," बाई म्हणाली.

आत्या तेवढी सरकली.

मग विहीरवालीच्या नवऱ्यानंच तोंड उघडलं. "मी सावडीत आहे का नाय?"

"बघू नंतर," पुढारी म्हणाला. "आधी फोटो होऊ दे."

बाईनं कॅमेरा खाली घेतला. पिशवीतून कालचाच कागद काढला, तो उलटा करून कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"लोहाराचं उशिरा पेरलेलं रान अजून उभं आहे, असं मघाशी बांधावर ऐकलं. ते कधी कापायचं?"

"उद्या," लोहार म्हणाला.

"कोण कोण येणार? नावं सांगा. पहिलं कुणाचं लिहू?"

गडगडाट ऐकू यायला लागला. लोहारानं पुढाऱ्याकडं बघितलं, मग आपल्या हातातल्या विळ्याकडं.

"याचं लिहा," तो नवऱ्याकडं मान करून कसाबसा म्हणाला.

"आणि धार?" विहीरवालीनं विचारलं.

"सकाळी लवकर आण. लावून ठेवतो."

"मी नाय आणणार," ती म्हणाली. "तो आणेल. त्याच्या हातातून घ्यायचा."