वलसाडच्या पुढे

उत्तनच्या घरात मोरीपाशी पाय घसरून हौसाबाई पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मुलगा रोशन भाईंदरला कुरिअर कंपनीत, सून पिंकी एका दवाखान्यात रिसेप्शनवर. सांभाळायला ठेवलेली पहिली बाई महिना भरायच्या आत गेली. दुसरी तर पगार घेऊन जी गेली ती परतलीच नाही.

घरापासून फार लांब नसलेल्या चेण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात रोशनने चौकशी केली. अंथरुणावरच्या माणसाचे महिन्याला तीस हजार, डायपर आणि औषधं वेगळी. त्याचा पगारच एकतीस होता.

"वलसाडच्या पुढे बघ ना," ऑफिसातला गुणवंत म्हणाला. "आमची काकी तिथेच आहे. चौदामध्ये सगळं. गुजरातमध्ये जागा स्वस्त, माणसं स्वस्त."

रोशन जाऊन बघून आला. स्वच्छ खोल्या, भोवती चिकूची झाडं. त्याला बरं वाटलं.

गाडीत निजवताना हौसाबाईने विचारलं, "कुठं नेतस रं?"

"बरी होईपर्यंतच, आये."

जन्मभर मासळी विकलेली आणि खाल्लेली बाई. आश्रमात जेवण शाकाहारी, हे रोशनला माहीत होतं. होईल सवय, असं त्याने धरलं होतं. भाषेचा विचार मात्र त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. तिथे काम करणाऱ्या बायकांना गुजराती यायचं, थोडं हिंदी. बाजारात भाव करण्यापुरतं हिंदी हौसाबाईलाही यायचं, पण आजारपणात तेही पुसून गेलं होतं.

महिन्याने रोशन भेटायला गेला तेव्हा तिने त्याचा हात सोडलाच नाही.

"मना घरी ने. यांना माजं बोलनं कलत न्हाय. पाठ दुखते सांगलं, तर पंखा लावतात."

"दिवाळीला नेतो, आये."

परत आल्यावर त्याने चेण्याला पुन्हा फोन लावला. दर तेहेतीस झाला होता.

"मी नोकरी सोडू का?" पिंकीने विचारलं.

"मग खायचं काय?" तो म्हणाला.

दिवाळीत तो एकटाच वलसाडला गेला. आई अर्धी झाली होती. त्याने हाक मारली, कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. कुठे दुखतंय, काय हवंय, तो विचारत राहिला. तिची मान भिंतीकडेच राहिली.

"अब एकदम शांत हो गई हैं," चादर बदलणारी बाई समाधानाने म्हणाली. "पहले बहुत चिल्लाती थीं."

रोशन तासभर बसला. मग खाली ऑफिसात गेला आणि पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरून आला.

घरी पोचल्यावर पिंकीने विचारलं, "कशा आहेत?"

"बरी आहे," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला आत गेला.