घाईचा कॅमेरा

“बाबा, हा आधी घ्या. घाईचा आहे.”

मुलीने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि ती काउंटरकडे वळली. पट्ट्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘अर्जंट’ असं लिहिलं होतं, चांगलं ठळक. एवढं ठळक मास्तरांना अजून वाचता येत होतं.

मास्तरांनी लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं आणि रबरी फुग्याने हवा मारली. आयुष्यभर हेच केलं: लोकांच्या कॅमेऱ्यातली धूळ काढली. आधी लेन्सवरची, पुढे सेन्सरवरची. भिंगाखाली धूळ पाहून ती वाळू आहे की सिमेंट की फुलांचे पराग, हे ते बसल्या जागी सांगत. कामाचा दौरा सांगून नवरा कुठे फिरून आला, हे त्याच्या बायकोआधी मास्तरांना कळायचं.

आज फुग्याच्या हवेबरोबर गुलाबाचा वास आला.

“अगं, हा कोणाचा?”

“नवीन गिऱ्हाईक आहे.”

“आत पावडर आहे, तोंडाला लावायची.”

“बाईमाणसाचा असेल हो. तुम्ही कशाला पंचायती करता?”

मास्तरांनी मऊ फडकं घेतलं. कडेवरची पावडर पुसताना त्यांचं बोट लेन्सच्या कड्यावरून फिरलं आणि एका स्क्रूवर अडलं. तो बाकीच्यांपेक्षा केसभर वर होता. तो पितळेचा होता. मूळचा हरवला म्हणून त्यांनीच बसवलेला.

आठ महिन्यांपूर्वी हा कॅमेरा वर्तमानपत्राच्या एका फोटोग्राफरचा होता. ओली पट्टी सेन्सरवरून एकदाच फिरवायची आणि फेकून द्यायची, हा मास्तरांचा नियम. मुलीलाही त्यांनी तो हातावर फुटपट्टी मारून शिकवला होता. त्या दिवशी एक डाग काही जाईना. मास्तरांनी वाळलेली पट्टी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. डाग त्यांच्या डोळ्यात होता. सेन्सरवर आडवा ओरखडा उठला. “आंधळ्याला कशाला बसवता दुकानात?” फोटोग्राफर भर दुकानात ओरडला. मुलीने त्याला नवा कॅमेरा देऊन वाटेला लावलं आणि हा दुकानात राहिला.

त्यानंतर दोन महिने मास्तरांच्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. मग अचानक रोज एक कॅमेरा येऊ लागला. रोज घाईचा. पट्टा कधी काळा, कधी लाल. मास्तर पुन्हा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर येऊ लागले. स्क्रू बोटाला आधीच लागला नसेल असं नाही, पण तेव्हा त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

आता कळलं. त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. त्यांनी पट्टी हातात घेतली, मग खाली ठेवली. ज्या सेन्सरजवळ ते श्वाससुद्धा जपून सोडत, त्यावर त्यांनी अंगठा टेकवला. चांगला दाबून. लेन्स लावली, झाकण बसवलं आणि हाक मारली, “झाला गं.”

दुसऱ्या दिवशी मुलगी हसतच आली. “कालचे फार खूश झाले, बाबा. म्हणाले, असा हात शोधून सापडायचा नाही.”

“असं म्हणाले?”

“मग! हा घ्या, आजचा. घाईचा आहे.”

पट्टा लाल होता. मास्तरांनी लेन्स काढण्याआधी कड्यावर बोट ठेवलं. स्क्रू तिथेच होता.

काउंटरवर कोणीतरी दबक्या आवाजात विचारत होतं, “तुमचे वडील हात लावणार नाहीत ना याला?”

“नाही हो. त्यांना दिलंय मी काहीतरी खेळायला.”

डोळे गेले होते, कान शाबूत होते. हे मुलीच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. आपणच शिकवलेली पोर, आणि कामात अशी ढिली.

त्यांनी भिंग लावलं. सेन्सरवर त्यांचाच अंगठा होता. रात्रीतून टाकलेली पावडर तेलकट ठशावर चिकटून बसली होती आणि एकेक रेघ इतकी स्पष्ट उमटली होती की त्यांच्या डोळ्यांनाही दिसावी. मुलीने आत पाहिलंच नव्हतं. डबी उघडून पावडर झटकली आणि चिठ्ठी बांधली.

मास्तरांनी नवी पट्टी ओली केली. एकदाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. फेकली. दुसरी घेतली, तीही एकदाच फिरवली. पांढऱ्या कागदाचा फोटो काढून पडद्याला नाक लावून पाहिला. आडव्या ओरखड्याखेरीज काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी निघताना त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला.

“उद्यापासून पावडर जरा कमी टाक,” ते म्हणाले. “फटीत जाऊन बसते. शटर खराब होईल.”

ती काहीतरी बोलायला गेली. मास्तर तोवर डबा उचलून पायरी उतरले होते, एक हात भिंतीला धरून.

सकाळी ते वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट होता. टेबलावर कॅमेरा होता, चिठ्ठी होती. मास्तरांनी लेन्स काढली आणि फुग्याने हवा मारली.

पावडर खरंच कमी होती.