सात नंबरच्या बोर्डाची ओळ

तिने पंपाची वायर उपटली, दहा मोजले आणि परत लावली. थेंबाथेंबाने औषध सोडणारा तो पंप सोळाव्यांदा सुरू झाला. हातातल्या घड्याळात त्रेपन्न सेकंद होतात न होतात, तोच त्याने मिनिट पुरं केलं.

टायमरची चिप बिघडलेली होती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे पंप चालवणारा मूळ प्रोग्राम, हा टायमर दुसऱ्या, धिम्या पण अचूक घड्याळाशी ताडून बघतो. खोटा निघाला तर त्याला बाजूला सारून धिम्यावर कारभार चालवतो. ही तपासणी तिनेच लिहिली होती. मग आज कर्नल मूग गिळून का बसला?

तिने खोडकर सर्किट-बोर्डांची यादी उघडली. एखाद्या बोर्डाचं काही तिरपागडं असेल, तर ते कर्नलला आधीच कळवायची ही सोय. तळाशी या पंपातल्याच बोर्डाची नवी ओळ होती : सात नंबरचा बोर्ड, टायमर खात्रीचा, तपासू नये. लिहिणारा तिचा दादा. वाचून मंजूर करणारी ती.

वाचून! दादाने पाठवलं म्हणून तिने चहा पिता पिता बटण दाबलं होतं. सायकल दादाने शिकवली, या कंपनीत दादाने चिकटवलं. त्याचं काय वाचायचं?

चाळीस पंप दुपारी रुग्णालयात जायचे होते. तिने आधी खाली गोदामात फोन लावला.

"मॅडम, गाडी भरून झाली."

"उतरवा सगळे. एकही जाता कामा नये."

मग तिने त्या ओळीचा इतिहास काढला. तिच्या आधी ती तिघांकडे गेली होती. तिघांनीही परत पाठवली होती. एकाने खाली लिहिलं होतं, 'टायमर पळतो. चिप बदला.' तिने ते दोनदा वाचलं.

दादा तरातरा आत आला.

"गाडी का अडवलीस, बुटके?"

"टायमर पळतोय. तुला माहीत होतं."

"अगं, जरासाच. धिम्या घड्याळावर पंप सुरू व्हायला वेळ लागतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. पुढच्या खेपेला चिप बदलणारच होतो."

"माझ्याकडे का पाठवलंस?"

"घरचं माणूस म्हणून."

"तिघांनी नाही म्हटल्यावर?"

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं. रागाआधी तिला स्वतःचीच लाज वाटली. ती वाचणार नाही, एवढंच त्याने हेरलं होतं.

तिने ती ओळ खोडली. कारणाच्या जागी लिहिलं, 'टायमर सदोष. आधीच माहीत होतं.' तपासणाऱ्याच्या जागी दादाचं नाव घातलं.

"दुसऱ्या कुणाला पाठव ना," तो हळूच म्हणाला. "हे वर जाईल."

"जाऊ दे. माझंही नाव जाईल."

ती उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. मंजूर करायच्या आधी वाच. मला ऐकू येईल असं वाच."

दादा बसला. चष्मा चढवला, घसा खाकरला, आणि पहिल्याच शब्दाला अडखळला. ती मागे उभी राहून ऐकत होती.